प्रोसेस कॉस्टिंग: एकक खर्च आणि साठ्याचे मूल्यांकन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोसेस कॉस्टिंगमध्ये, म्हणजे सलग तयार होणाऱ्या मालाचा खर्च विभागवार गोळा करून एककांवर वाटण्याच्या पद्धतीत, भागाकार सोपा असतो, भाजक ठरवणे कठीण असते. विभागाचा महिन्याचा खर्च खातेवहीत तयार मिळतो. तो कितीने भागायचा, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. खालच्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक फिरून फिरून तिथेच येतात. आकडे एकमेकांशी पडताळता यावेत म्हणून शक्य तिथे एकच उदाहरण पुढे नेले आहे.

प्रोसेस कॉस्टिंग कुठे वापरायची?

जिथे एकसारखा माल सलग तयार होतो आणि एक लिटर किंवा एक किलो दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही, तिथे. रंग, सिमेंट, साखर, खते, कागद, तेलशुद्धीकरण, मूळ रसायने ही नेहमीची क्षेत्रे. ऑर्डरप्रमाणे वेगवेगळा माल बनत असेल तर जॉब कॉस्टिंग, म्हणजे प्रत्येक ऑर्डरचा खर्च वेगळा मोजणे. मूळ मिश्रण एकच पण शेवटचे काम मालागणिक वेगळे असेल, तर मिश्रणापर्यंत प्रोसेस आणि पुढे जॉब अशी सरमिसळ करावी लागते. त्यात चुकीचे काही नाही.

एकूण खर्चाला तयार मालाने भागले की एकक खर्च मिळतो. मग इतका खटाटोप कशाला?

महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी टाक्या रिकाम्या असतील तर खटाटोप खरोखरच नको. पण बहुतेक ठिकाणी महिनाअखेरीस काही माल अर्ध्या वाटेवर असतो. त्याच्यावर कच्चा माल, मजुरी, वीज खर्च झालेली असते. भाजकात फक्त तयार माल धरला, तर अपूर्ण मालावर झालेला खर्चही तयार मालाच्या डोक्यावर बसतो आणि एकक खर्च फुगतो. उलट अपूर्ण माल पूर्ण धरून मोजला, तर खर्च कृत्रिमरीत्या उतरतो. या दोन टोकांमधला मार्ग म्हणजे समतुल्य एकके.

समतुल्य एकक म्हणजे काय?

अपूर्ण मालावर झालेल्या कामात किती पूर्ण एकके तयार झाली असती, तो आकडा. ३,००० लिटर माल ६० टक्के पूर्ण असेल, तर काम १,८०० लिटरइतके झाले. टाकीत माल ३,००० लिटरच आहे, हे विसरायचे नाही. प्रत्यक्ष मोजमाप आणि समतुल्य एकके हे दोन स्तंभ शेवटपर्यंत वेगळेच ठेवायचे.

एकाच मालासाठी दोन-तीन वेगळ्या टक्केवाऱ्या का?

कारण खर्च वेगवेगळ्या वेळी होतो. कच्चा माल बहुधा सुरुवातीलाच पूर्ण टाकला जातो, म्हणून अपूर्ण माल त्या बाबतीत १०० टक्के पूर्ण. मजुरी आणि कारखान्याचे अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे मिळून रूपांतर खर्च, प्रक्रियेबरोबर हळूहळू चढत जातो. एखादा घटक मधेच पडत असेल तर त्याचा निकाल सरळ आहे: तो टप्पा ओलांडला असेल तर १०० टक्के, नसेल तर शून्य. ८० टक्क्यांवर पडणारे रंगद्रव्य ६० टक्के झालेल्या मालात नसतेच. त्याला ‘६० टक्के रंगद्रव्य’ लावणे ही नेहमी दिसणारी चूक.

हिशेबाच्या पायऱ्या कोणत्या?

पाच, आणि क्रम महत्त्वाचा. आधी प्रत्यक्ष मालाचा हिशेब, मग समतुल्य एकके, मग खर्च घटकानुसार गोळा करणे, मग प्रति एकक दर, शेवटी तयार आणि अपूर्ण मालात खर्चाची वाटणी. पहिली पायरी जुळल्याशिवाय रुपयांना हात लावू नये. लिटर जुळत नसतील तर रुपये जुळले तरी तो योगायोग.

उदाहरण घेऊ. मिश्रण विभाग, एक महिना:

- सुरुवातीचा अपूर्ण माल २,००० लिटर. कच्चा माल १०० टक्के, रूपांतर ४० टक्के. त्यातला खर्च: कच्चा माल ३८,००० रुपये, रूपांतर १०,६०० रुपये.
- महिन्यात सुरू केलेला माल १८,००० लिटर.
- पूर्ण होऊन पुढच्या विभागाला दिलेला माल १७,००० लिटर.
- अखेरचा अपूर्ण माल ३,००० लिटर. कच्चा माल १०० टक्के, रूपांतर ६० टक्के.
- महिन्याचा खर्च: कच्चा माल ३,७८,००० रुपये, रूपांतर २,८०,८०० रुपये.
- घट नाही असे तूर्त धरू.

मालाचा हिशेब: २,००० + १८,००० = २०,००० लिटर आले, १७,००० + ३,००० = २०,००० लिटरचा ठावठिकाणा लागला. हिशेबात घ्यायचा एकूण खर्च ३८,००० + १०,६०० + ३,७८,००० + २,८०,८०० = ७,०७,४०० रुपये. शेवटी एवढ्याच रुपयांची वाटणी झाली पाहिजे.

भारित सरासरी पद्धतीने हे कसे सोडवायचे?

या पद्धतीत मागच्या महिन्याचे काम आणि या महिन्याचे काम एकाच भांड्यात ओतले जाते. सुरुवातीच्या मालाची ४० टक्के ही माहिती लागतच नाही. परीक्षेत ती मुद्दाम दिलेली असते आणि अनेक जण ती कुठेतरी वापरून टाकतात.

| | कच्चा माल | रूपांतर |
|---|---|---|
| पूर्ण माल | १७,००० | १७,००० |
| अखेरचा अपूर्ण माल | ३,००० | १,८०० |
| समतुल्य एकके | २०,००० | १८,८०० |
| सुरुवातीचा + महिन्याचा खर्च | ४,१६,००० | २,९१,४०० |
| प्रति एकक दर | २०.८० | १५.५० |

एकूण दर ३६.३० रुपये. पुढे दिलेला माल १७,००० × ३६.३० = ६,१७,१०० रुपये. अखेरचा अपूर्ण माल ३,००० × २०.८० = ६२,४०० अधिक १,८०० × १५.५० = २७,९००, म्हणजे ९०,३०० रुपये. बेरीज ७,०७,४००. जुळले.

आणि फिफो पद्धतीने?

फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असे धरणे. इथे फक्त या महिन्याचे काम मोजायचे आणि फक्त या महिन्याचा खर्च त्याने भागायचा. सुरुवातीच्या मालाचे मागच्या महिन्यातले काम दोन्हीकडून वगळायचे.

कच्च्या मालाची समतुल्य एकके: सुरुवातीच्या मालाला काही नको, सुरू करून पूर्ण केलेले १५,०००, अखेरचे ३,०००, एकूण १८,०००. रूपांतराची: सुरुवातीच्या मालाचे उरलेले ६० टक्के म्हणजे १,२००, अधिक १५,०००, अधिक १,८००, एकूण १८,०००. (दोन्ही आकडे सारखे आले हा या उदाहरणातला योगायोग आहे, नियम नव्हे.) ‘सुरू करून पूर्ण केलेले’ दोन्ही बाजूंनी तपासता येते: १७,००० − २,००० किंवा १८,००० − ३,०००. दोन्हीकडून १५,००० आले पाहिजेत.

दर: ३,७८,००० ÷ १८,००० = २१ रुपये आणि २,८०,८०० ÷ १८,००० = १५.६० रुपये. मिळून ३६.६०.

वाटणी अशी: सुरुवातीच्या २,००० लिटरचा आधीचा खर्च ४८,६००, तो पूर्ण करायला १,२०० × १५.६० = १८,७२०, एकूण ६७,३२० रुपये. सुरू करून पूर्ण केलेले १५,००० × ३६.६० = ५,४९,०००. म्हणजे पुढे गेलेला माल ६,१६,३२० रुपयांचा. अखेरचा अपूर्ण माल ६३,००० + २८,०८० = ९१,०८० रुपये. बेरीज पुन्हा ७,०७,४००.

फिफोतली हमखास चूक म्हणजे सुरुवातीच्या मालाला उरलेल्या ६० टक्क्यांऐवजी झालेले ४० टक्के लावणे. एकके १८,००० धरली आणि वाटणी करताना मात्र १,२०० ऐवजी ८०० घेतली, तर बेरीज बरोबर ६,२४० रुपयांनी कमी पडते. फरक सुरुवातीच्या मालाच्या काही टक्क्यांएवढा दिसला की आधी इथे पाहावे.

दोहोंपैकी कोणती पद्धत निवडावी?

भाव स्थिर आणि अपूर्ण साठा लहान असेल तर फरक नगण्य असतो. आपल्या उदाहरणात अखेरच्या साठ्यात अवघा ७८० रुपयांचा फरक पडला, ९० हजारांवर एक टक्क्याहूनही कमी. तेवढ्यासाठी फिफोची जास्तीची कारकुनी करावी का, हा रास्त प्रश्न आहे. साठ्याच्या मूल्यांकनापुरते पाहिले तर भारित सरासरी पुरते.

पण खर्चावर नियंत्रण ठेवायचे असेल तर आमचा कौल फिफोला. सुरुवातीच्या मालाचा मागच्या महिन्यातला दर काढून पाहा: कच्चा माल १९ रुपये, रूपांतर १०,६०० ÷ ८०० = १३.२५ रुपये, एकूण ३२.२५. या महिन्यात तोच दर ३६.६० झाला. रूपांतर खर्च लिटरमागे २.३५ रुपयांनी चढला, ही बातमी फिफो स्पष्ट सांगते. सरासरीत जुने-नवे मिसळल्याने तिची धार बोथट होते आणि अपूर्ण साठा जितका मोठा तितकी ती जास्त झाकली जाते.

आयएएस २ हे साठ्याच्या हिशेबाचे आंतरराष्ट्रीय मानक फिफो आणि भारित सरासरी दोन्ही मान्य करते. शेवटी आलेला माल आधी गेला असे धरणारी लिफो पद्धत २००३ च्या सुधारणेने त्यातून वगळली गेली. निवडलेली पद्धत सारख्या स्वरूपाच्या आणि सारख्या वापराच्या साठ्याला दरवर्षी तीच लावायची. नफा कमी-जास्त दाखवण्यासाठी पद्धत बदलता येत नाही.

पूर्णतेची टक्केवारी कोण आणि कशी ठरवणार?

सर्वात महत्त्वाचा प्रश्न, आणि बहुतेक ठिकाणी सर्वात हलक्यात घेतलेला. ‘निम्मा झाला असेल’ असे पाळीप्रमुख फोनवर सांगतो आणि तो आकडा ताळेबंदापर्यंत पोहोचतो.

त्याचा परिणाम किती होतो ते पाहा. वरच्या उदाहरणात अखेरचा माल खरे तर ४० टक्केच झाला होता आणि आपण ६० टक्के धरला, असे समजू. भारित सरासरीत खरी समतुल्य एकके १८,२००, दर सुमारे १६.०१ रुपये, आणि अपूर्ण मालातला रूपांतर खर्च सुमारे १९,२१३ रुपये. आपण दाखवला २७,९००. साठा सुमारे ८,६८७ रुपयांनी फुगला आणि पुढे गेलेल्या मालाचा खर्च तितकाच कमी दिसला. तो माल महिन्यात विकला गेला असेल तर नफा तितका जास्त. पुढच्या महिन्यात हिशेब उलटतो, म्हणून वर्षभर पाहिले तर चूक नाहीशी झाल्यासारखी वाटते. वर्षअखेरीस मात्र ती ताळेबंदात अडकते.

टक्केवारी वेळेवरून काढावी की खर्चावरून, यातही गोम आहे. समजा प्रक्रिया दहा तासांची आहे. पहिले सहा तास ढवळणे, पुढचे चार तास उष्णता देणे, आणि रूपांतर खर्चापैकी ७० टक्के त्या चार तासांत होतो. सहा तास झालेला माल वेळेने ६० टक्के पूर्ण, पण खर्चाने ३० टक्केच. मोजायचा आहे खर्च, म्हणून लावायची टक्केवारी ३०. यासाठी एकदाच प्रक्रियेचा तक्ता बनवावा: प्रत्येक टप्प्याअखेर रूपांतर खर्चाचा किती वाटा लागलेला असतो. मग महिनाअखेरीस विचारायचे एवढेच की कोणत्या टाकीत कोणता टप्पा चालू आहे. त्याचे उत्तर अंदाजाने नव्हे, बॅच नोंदीवरून मिळते. यंत्रे, इंधन किंवा मनुष्यबळ बदलले की तक्ता पुन्हा तपासावा.

वाहत्या कारखान्यात, जिथे नळ्या आणि पात्रे कायम भरलेली असतात, तिथे सुरुवातीचा आणि अखेरचा अपूर्ण माल जवळजवळ सारखाच असतो. तिथे तो ठरावीक प्रमाण आणि ठरावीक टक्केवारीने धरून मोकळे होणे व्यवहार्य ठरते.

घट कशी हाताळायची?

आधी तिचे दोन भाग करायचे. बाष्पीभवन, गाळ, छाटण अशी जी घट नीट चाललेल्या कामातही टळत नाही ती सामान्य घट. तिचा खर्च चांगल्या मालाने सोसायचा. त्यापलीकडची असामान्य घट: चुकीचे तापमान, गळती, बिघडलेला कच्चा माल. तिला चांगल्या मालाइतकाच दर लावून ती प्रक्रियेच्या खात्यातून बाहेर काढायची आणि नफा-तोटा खात्यात न्यायची. आयएएस २ नुसारही असामान्य नासाडीचा खर्च साठ्यात धरता येत नाही.

आकड्यांत: १,००० किलो माल, एकूण खर्च ९५,००० रुपये. सामान्य घट १० टक्के म्हणजे १०० किलो, भंगार ५ रुपये किलोने विकले जाते, म्हणजे ५०० रुपये. अपूर्ण माल नाही.

दर = (९५,००० − ५००) ÷ (१,००० − १००) = ९४,५०० ÷ ९०० = १०५ रुपये.

प्रत्यक्ष उत्पादन ८८० किलो आले. असामान्य घट २० किलो × १०५ = २,१०० रुपये. त्या २० किलोचे भंगार १०० रुपयांना गेले, म्हणून नफा-तोटा खात्यात निव्वळ २,००० रुपये. पुढे गेलेला माल ८८० × १०५ = ९२,४०० रुपये. पडताळा: ९२,४०० + २,१०० + ५०० = ९५,०००.

बरेच जण उरलेल्या ८८० किलोने थेट भागतात: (९५,००० − ६००) ÷ ८८० = १०७.२७ रुपये. उत्तर दिसायला ठीक, पण असामान्य घटीचे २,००० रुपये गुपचूप साठ्यात शिरले. पुढच्या वेळी कुणी विचारणारही नाही की ते २० किलो गेले कुठे.

अपेक्षेपेक्षा जास्त माल निघाला तर?

ती असामान्य वाढ. वरच्याच उदाहरणात ९१५ किलो निघाले तर वाढ १५ किलो × १०५ = १,५७५ रुपये. ती प्रक्रियेच्या खात्याला नावे (डेबिट) होते. पण घट १०० ऐवजी ८५ किलोच झाल्याने भंगाराचे ७५ रुपये बुडाले. निव्वळ लाभ १,५०० रुपये. दर १०५ चाच राहतो. दर महिन्याला वाढच निघत असेल तर आनंद मानण्याआधी सामान्य घटीचे प्रमाण तपासा. ते बहुधा जुने आणि सैल झालेले असते.

सामान्य घटीची टक्केवारी कशावर लावायची?

ज्या मालाने तपासणीचा टप्पा ओलांडला त्यावर. तपासणी प्रक्रियेच्या शेवटी होत असेल, तर तिथवर न पोहोचलेल्या अखेरच्या अपूर्ण मालावर आत्ताच घट धरणे चूक. २,००० लिटर सुरुवातीचा, १८,००० नवा आणि ३,००० अपूर्ण उरलेला असेल, तर तपासलेला माल १७,००० लिटर. पाच टक्के घट म्हणजे ८५० लिटर, नव्या मालावर काढलेली ९०० नव्हे. फरकाचे ५० लिटर सामान्यातून असामान्यात जातात.

तपासणी मध्येच होत असेल तर अपूर्ण मालावर घटीचा खर्च येतो का?

माल तो टप्पा ओलांडून गेला असेल तर येतो, नसेल तर नाही. समजा १०,००० एकके सुरू केली, ७,००० पूर्ण झाली, २,५०० अपूर्ण (रूपांतर ४० टक्के), ५०० सामान्य घट. तपासणी ५० टक्क्यांवर, भंगाराला किंमत नाही. कच्चा माल सुरुवातीलाच पडतो, त्याचा खर्च २,००,००० आणि रूपांतर खर्च १,६५,००० रुपये.

घटीची एकके मोजून: कच्चा माल १०,०००, दर २० रुपये. रूपांतर ७,००० + २५० + १,००० = ८,२५०, दर २० रुपये. घटीचा खर्च ५०० × २० + २५० × २० = १५,००० रुपये. अपूर्ण माल तपासणीपर्यंत पोहोचलाच नाही, म्हणून हे सगळे १५,००० पूर्ण मालावर. पूर्ण माल २,८०,००० + १५,००० = २,९५,००० रुपये. अपूर्ण माल ५०,००० + २०,००० = ७०,००० रुपये.

सोपी म्हणून वापरली जाणारी रीत घटीची एकके भाजकात धरतच नाही. तसे केले तर दर २१.०५ आणि २०.६३ रुपये होतात आणि अपूर्ण माल सुमारे ७३,२५७ रुपये दिसतो. ज्या घटीतून तो गेलाच नाही तिचे ३,२५७ रुपये त्याच्या माथी. अपूर्ण माल ६० टक्के झालेला असता, तर घटीचा खर्च ७,००० आणि २,५०० या प्रमाणात वाटणे योग्य ठरले असते.

दुसऱ्या विभागात पहिल्या विभागाचा खर्च कसा धरायचा?

तो त्या विभागाचा जणू कच्चा मालच, सुरुवातीलाच पडलेला, म्हणून नेहमी १०० टक्के पूर्ण. त्याचा वेगळा स्तंभ ठेवा. हा स्तंभ विसरला जाणे ही बहुविभागी हिशेबातली सर्वात महाग चूक, कारण मोठा खर्च तिथेच असतो.

दुसऱ्या विभागात टाकलेल्या मालाने आकारमान वाढत असेल तर दर खाली येतो. आपले १७,००० लिटर ६,१७,१०० रुपयांना पुढे गेले. तिथे ३,४०० लिटर द्रावक मिसळून २०,४०० लिटर झाले, तर आधीच्या विभागाचा खर्च लिटरमागे ३६.३० वरून ३०.२५ होतो. द्रावकाचा स्वतःचा खर्च वेगळ्या स्तंभात. काही द्रव मिसळल्यावर आकारमान बेरजेपेक्षा कमी भरते, म्हणून बेरीज न करता टाकीतले माप घ्या. एक विभाग किलोत आणि दुसरा लिटरमध्ये मोजत असेल, तर त्या तापमानाच्या घनतेने रूपांतर करूनच नोंद करावी.

पहिल्या विभागाने फिफो वापरली असेल तरी दुसऱ्याने त्यातले ३३.६६ आणि ३६.६० असे थर वेगळे ठेवू नयेत. ६,१६,३२० ÷ १७,००० अशी एकच सरासरी पुरे.

विभाग एकमेकांना बाजारभावाने माल देत असतील तर?

विभागांची कामगिरी तोलायला ते चालते. पण साठ्यात अडकलेला न मिळवलेला नफा काढून टाकावा लागतो. खर्चावर २५ टक्के चढवून माल दिला आणि अखेरच्या साठ्यात त्यातला १०,००० रुपयांचा माल पडून असेल, तर २,००० रुपये नफा आहे. ताळेबंदात ८,००० रुपयेच.

महिनाभर यंत्र बंद होते. स्थिर खर्च कमी मालावर वाटला तर एकक खर्च भलताच वाढतो. काय करावे?

तो पूर्ण वाटूच नये. उत्पादनाचा स्थिर अप्रत्यक्ष खर्च सामान्य क्षमतेच्या आधारे साठ्यात घ्यायचा असतो. स्थिर खर्च ६,००,००० रुपये आणि सामान्य क्षमता २०,००० समतुल्य एकके असेल, तर दर ३० रुपये. १५,०००च झाली तर साठ्याच्या खर्चात ४,५०,००० जातात आणि उरलेले १,५०,००० त्या काळातला खर्च म्हणून नफा-तोटा खात्यात. उत्पादन असाधारण वाढले तर मात्र दर खाली आणायचा, नाहीतर साठा खऱ्या खर्चापेक्षा जास्त दिसेल. विक्रीखर्च, सामान्य प्रशासन आणि तयार मालाची गोदामे यांचा खर्च साठ्यात नाही. माल पुढच्या टप्प्याआधी मुरण्यासाठी ठेवावाच लागत असेल, तर ती साठवण उत्पादनाचाच भाग आहे.

अपूर्ण मालाची बाजारात किंमतच नसते. मग ‘खर्च किंवा निव्वळ वसूलयोग्य मूल्य, जे कमी ते’ हा नियम कसा लावायचा?

पूर्ण मालापासून मागे चालत यायचे. अपेक्षित विक्री किंमत, वजा पूर्ण करायचा खर्च, वजा विक्रीचा खर्च. आपल्या ३,००० लिटर अपूर्ण मालाचा खर्च ९०,३०० म्हणजे लिटरमागे ३०.१० रुपये. विक्री किंमत ४८ रुपये, या विभागात उरलेले काम ६.२० रुपये, पुढच्या विभागाचा खर्च ९ रुपये आणि विक्रीखर्च ३ रुपये धरले, तर निव्वळ मूल्य २९.८० रुपये. खर्चापेक्षा कमी. साठा ८९,४०० रुपयांना दाखवायचा आणि ९०० रुपये तोटा लगेच नोंदवायचा.

कच्च्या मालाचा बाजारभाव उतरला म्हणून मात्र तो आपोआप खाली आणायचा नसतो. त्यापासून बनणारा पक्का माल खर्चाइतक्या किंवा जास्त किमतीला विकला जाणार असेल तर कच्चा माल खर्चालाच राहतो.

उपउत्पादनाचे काय?

किरकोळ असेल तर त्याचे निव्वळ वसूलयोग्य मूल्य मुख्य मालाच्या खर्चातून वजा करा. दोन्ही माल तोलामोलाचे असतील तर ती संयुक्त उत्पादने. विभाजन होईपर्यंतचा खर्च त्यांच्यात ठरलेल्या आधाराने वाटावा लागतो.

एकूण खर्च जुळला म्हणजे हिशेब बरोबर का?

नाही. भाजकात आणि वाटणीत तीच चुकीची टक्केवारी वापरली तर बेरीज पैशापर्यंत जुळते. ४० ऐवजी ६० टक्के धरलेला हिशेबही जुळलाच असता. जुळणी फक्त बेरजेतली चूक पकडते, अंदाजातली नाही. त्यासाठी दुसरे पहारे लागतात: मागच्या सहा महिन्यांच्या टक्केवाऱ्या शेजारी लावून पाहा. दर महिन्याला नेमके ५० टक्केच लिहिलेले असतील तर कुणी मोजलेले नाही. अखेरच्या अपूर्ण मालाचा प्रति लिटर खर्च पूर्ण मालाच्या दराहून जास्त आला, तर टक्केवारी किंवा स्तंभ यांत गडबड आहे. फिफोचा दर एकदम हलला आणि कच्च्या मालाचा भाव किंवा वीजबिल हलले नसेल, तर टाकीची पातळी पुन्हा मोजा.

दर किती दशांशापर्यंत ठेवायचा?

दर संगणकात पूर्ण ठेवा, छापताना दोन दशांश. छापलेल्या दराने गुणू नका. वरच्या ४० टक्क्यांच्या हिशेबातल्या १६.०१०९९ ऐवजी १६.०१ ने १७,००० लिटर गुणले तरी सुमारे १७ रुपये इकडचे तिकडे होतात. उरलेला किरकोळ फरक पुढे दिलेल्या मालात टाकावा आणि अपूर्ण मालाचा आकडा हिशेबाप्रमाणे ठेवावा, कारण पुढच्या महिन्याची सुरुवात त्याच आकड्यापासून होते.